जुन्या ट्रकाचे ब्रेक : पेडल व मास्टर सिलिंडर यांची निवड

गाडी ओढण्याची शक्ति एंजिनांत असते हें सर्वांस दिसतें. परंतु ती शक्ति आपल्या स्वाधीन आहे कीं नाहीं, हें ब्रेकच ठरवितो. जुना ट्रक घेणारा मनुष्य प्रथम एंजिनाचा आवाज ऐकतो, नंतर पत्रा ठोकून पाहतो, टायर न्याहाळतो, आणि शेवटीं आठवण झाल्यास ब्रेकच्या पेडलावर पाय ठेवतो. हा क्रम उलटा असावा असें आमचें मत आहे. चालूं न शकणारी गाडी अंगणांत उभी राहते. थांबूं न शकणारी गाडी घाटांत जाते. म्हणून जुना ट्रक नव्यानें बांधतांना ब्रेकचें पेडल आणि मास्टर सिलिंडर कसे निवडावे, याचा विचार या लेखांत आम्ही करणार आहों.

कोणता ट्रक ?

उदाहरणादाखल एकच ट्रक घेऊं. अमेरिकेंत १९४७ ते १९५५ या काळांत निघालेला शेव्हरोलेटचा अर्ध्या टनाचा पिकअप, म्हणजे ‘३१००’ या क्रमांकाची गाडी, ही तिकडील शेतकऱ्यांच्या नित्य वापराची गाडी होती. आज तेथील हौशी लोक तिचा जुना सांगाडा व केबिन कायम ठेवून आंत नवें एंजिन आणि पुढच्या चाकांस डिस्क ब्रेक बसवितात. हें नांव आपणांसही परकें नाहीं. जनरल मोटर्स कंपनीनें १९२८ सालीं मुंबईंत शिवडी येथें जोडणीचा कारखाना काढला, आणि १९५४ सालीं तो बंद होईपर्यंत शेव्हरोलेट गाड्या तेथें जोडल्या जात. दुसरें महायुद्ध संपल्यावर लष्करानें काढून टाकलेले डिस्पोजलचे ट्रकही आपल्या देशांत विकले गेले. अशी एखादी गाडी ज्यांच्या वाड्यांत उभी आहे व जे ती पुन्हां चालती करूं इच्छितात, त्यांस पुढील हिशेब उपयोगी पडेल. कारण हिशेबाचे नियम सर्व गाड्यांस सारखेच लागू आहेत.

मूळच्या ‘३१००’ गाडीचें एंजिन सुमारें ९० अश्वशक्तीचें होतें व ब्रेक त्या बेतानेंच केलेले होते. चारी चाकांस ड्रम ब्रेक असून केबिनच्या तळाखालीं सांगाड्याला बसविलेला एकच मास्टर सिलिंडर त्या सर्वांस दाब पुरवीत असे. त्या सिलिंडरांत दट्ट्या एक आणि कोठाही एकच. कोणत्याही एका चाकाशीं रबरी कप फाटला किंवा नळी फुटली, कीं ब्रेक ऑइल तेथून वाहून जाई आणि चारी चाकांचे ब्रेक एकदम जात. पुढें दुहेरी मास्टर सिलिंडर प्रचारांत आला. त्यांत एकामागें एक असे दोन दट्ट्ये असून पुढच्या व मागच्या चाकांचे मार्ग वेगळे असतात. एक मार्ग फुटला तरी दुसरा गाडी थांबवितो. अमेरिकन मोटारींत १९६७ च्या मॉडेलांपासून ही योजना सर्रास झाली. जुन्या ट्रकांत दुसरें कांहीं बदलावयाचें नसलें तरी एकेरीच्या जागीं दुहेरी सिलिंडर घालावा, ही आमची पहिली शिफारस आहे. इतर सर्व बाबी सोयीच्या असतील. ही जिवाची आहे.

बळ आणि अंतर

मोठा धोंडा हलवावयाचा असला म्हणजे आपण पहार घेतों. टेकू धोंड्याजवळ ठेवला तर थोड्या जोरानें धोंडा उचलतो. परंतु हाताकडचें टोक पुष्कळ खालीं न्यावें, तेव्हां धोंडा बोटभर वर येतो. बळ मिळालें, पण अंतर द्यावें लागलें. ब्रेकचें पेडल ही अशीच एक तरफ आहे. ज्या खिळीवर पेडल फिरतें त्या खिळीपासून पावलाच्या पट्टीच्या मध्यापर्यंतचें अंतर मोजावें; नंतर त्याच खिळीपासून सिलिंडरची दांडी जेथें जोडली आहे त्या पिनेपर्यंतचें अंतर मोजावें. पहिल्यास दुसऱ्यानें भागिलें असतां पेडलाचें प्रमाण निघतें. पहिलें अंतर १२ इंच व दुसरें २ इंच असेल, तर प्रमाण सहास एक. पायानें ७५ पौंडांचा, म्हणजे सुमारें ३४ किलोंचा जोर लावल्यास दांडीवर ४५० पौंड बळ पडेल. मात्र दांडी एक इंच पुढें सरकण्यास पाऊल सहा इंच जावें लागेल.

येथवर तरफेचें काम झालें. पुढें सिलिंडरचें काम सुरू होतें, आणि बहुतेकांचा घोटाळा येथेंच होतो. चिखलाच्या वाटेवर अरुंद धावेचें चाक रुततें व रुंद धावेचें वरून जातें, हें प्रत्येक गाडीवानास ठाऊक आहे. ओझें तेंच, परंतु अरुंद जागेवर तें एकवटतें आणि रुंद जागेवर पसरतें. सिलिंडरांतही तसेंच होतें. दांडीचें ४५० पौंड बळ लहान दट्ट्यावर पडलें तर ब्रेक ऑइलांत दाब जास्त उत्पन्न होतो. मोठ्या दट्ट्यावर पडलें तर कमी. म्हणून ‘सिलिंडर मोठा, तर ब्रेक जोरदार’ ही समजूत उलटी आहे. मोठा सिलिंडर ऑइल जास्त ढकलतो, पण दाब कमी देतो. लहान सिलिंडर दाब जास्त देतो, पण त्यासाठीं पेडल खोल दाबावें लागतें.

आतां हा हिशेब आंकड्यांनीं पाहूं. माल अमेरिकन असल्यामुळें मापें इंच व पौंड यांतच दिलीं आहेत. पायाचा जोर ७५ पौंड व पेडलाचें प्रमाण सहास एक धरिलें आहे. पुढें डिस्क व मागें ड्रम असलेल्या गाडीस ब्रेक लागण्यापुरतें सुमारें ०.४ घनइंच ऑइल सरकावें लागतें, असें उदाहरणापुरतें धरून चालूं.

व्यास ७/८ इंच : क्षेत्रफळ ०.६० चौरस इंच. दाब दर चौरस इंचास सुमारें ७५० पौंड. पेडलाची चाल सुमारें ४ इंच.
व्यास १ इंच : क्षेत्रफळ ०.७९ चौरस इंच. दाब सुमारें ५७० पौंड. चाल सुमारें ३ इंच.
व्यास १-१/८ इंच : क्षेत्रफळ ०.९९ चौरस इंच. दाब सुमारें ४५० पौंड. चाल सुमारें २.४ इंच.

रबरी होज फुगणें, सांधे ढिले असणें वगैरे कारणांनीं प्रत्यक्ष चाल याहून कांहीं जास्तच भरते. तरी कोष्टकाचा अर्थ स्पष्ट आहे. खालच्या ओळींतील पेडल पायास घट्ट व ‘चांगलें’ लागेल, आणि तरीही गाडी थांबविण्यास तेंच सर्वांत दुबळें ठरेल. वरच्या ओळींतील पेडल मऊ व खोल वाटेल, पण चाकें तेंच अधिक जोरानें धरील. यावरून एक गोष्ट ध्यानीं धरावी कीं, पेडल दगडासारखें कठीण लागतें व गाडी थांबत नाहीं, अशी तक्रार असेल तर सिलिंडर मोठा झाला आहे किंवा पेडलाचें प्रमाण कमी पडत आहे. याउलट पेडल तळास टेकतें, ऑइलांत हवा नाहीं व शू बरोबर आंवळलेले आहेत, तर सिलिंडर लहान पडत आहे.

हिशेब चाकापासून पायाकडे

तेव्हां निवडीचा आरंभ पेडलापासून न करितां चाकापासून करावा. ड्रम ब्रेकमध्यें चाकाच्या फिरण्याबरोबर शू आपणहून ड्रमकडे ओढला जातो व पायास मदत करितो. डिस्कमध्यें अशी मदत मिळत नाहीं. पॅड केवळ दाबानेंच धरतात. म्हणून डिस्कला दाब जास्त लागतो, आणि तिच्या कॅलिपरचा दट्ट्या मोठा असल्यामुळें ऑइलही जास्त लागतें. ड्रम काढून डिस्क बसविल्या आणि जुनाच सिलिंडर ठेवला, तर नवे ब्रेक जुन्यांपेक्षां वाईट लागतात याचें कारण हेंच.

बूस्टर नसलेल्या हलक्या पिकअपला पुढें डिस्क व मागें ड्रम असतां, सहास एक प्रमाणाचें पेडल व एक इंच व्यासाचा सिलिंडर ही जोडी सामान्यतः जमते. पाय फार जोर लावूं शकत नसेल तर ७/८ किंवा १५/१६ इंचाचा विचार करावा. मात्र पेडलास तळापर्यंत पुरेशी जागा आहे हें आधीं मोजून पाहावें. संकटकाळीं मनुष्य १०० पौंडांहून अधिक जोर लावतो, म्हणजे दांडीवर ६०० पौंडांहून अधिक बळ येतें. तेव्हां पेडलाचा हात, त्याची खिळी, बुश व आधाराची पट्टी हीं सर्व या बळास पुरून उरलीं पाहिजेत. पातळ पत्र्यावर सिलिंडर बसविला तर पत्राच वांकतो आणि पायाची अर्धी मेहनत पत्रा वांकविण्यांत जाते.

बूस्टर लावावयाचा असल्यास हिशेब बदलतो. बूस्टर हा हवेच्या दाबानें दांडीस मदत करितो. एंजिन पेट्रोलचें असून त्याच्या ओढीनें १८ इंच पाऱ्याइतकी निर्वात स्थिति मिळत असेल, तर सात इंच व्यासाच्या बूस्टरापासून जास्तींत जास्त सुमारें ३४० पौंड व आठ इंचांच्या बूस्टरापासून सुमारें ४४० पौंड मदत मिळते. एवढी मदत असतां पेडलाचें प्रमाण सुमारें चारास एक ठेवतात व सिलिंडर एक किंवा १-१/८ इंचाचा घेतात. सहास एकाचें पेडल तसेंच ठेवून वर बूस्टर घातला, तर पाऊल टेकतांच चाकें जाम होतात. आणि चारास एकाच्या पेडलावरून बूस्टर काढून टाकला, तर गाडी थांबविण्यास दोन्ही पाय पुरत नाहींत. डिझेल एंजिनापासून अशी निर्वात स्थिति आपोआप मिळत नाहीं. जुन्या पिकअपमध्यें डिझेल एंजिन बसविणाऱ्यांनीं स्वतंत्र व्हॅक्यूम पंपाची योजना केल्यावांचून बूस्टरवर भरंवसा ठेवूं नये.

तळाखालीं कीं समोर ?

मूळच्या जागीं, म्हणजे तळाखालीं सिलिंडर ठेवला तर केबिनचें रूप बिघडत नाहीं, सांगाड्याचा भक्कम आधार मिळतो आणि तळांतून वर येणारीं जुनीं पेडलेंही कायम राहतात. परंतु तेथें चिखल व पाणी लागतें, धुराची नळी जवळ असल्यास उष्णता लागते, आणि ऑइल पाहण्यास तळाचें झांकण काढावें लागतें. जें पाहण्यास त्रास पडतो तें कोणी पाहत नाहीं, हा मनुष्यस्वभाव आहे. यासाठीं ऑइलाची टाकी वेगळी काढून बॉनेटखालीं बसवावी व नळीनें सिलिंडरास जोडावी.

समोरच्या पत्र्यावर सिलिंडर बसविल्यास तो डोळ्यांसमोर राहतो, परंतु त्यास वरून लोंबणारें नवें पेडल लागतें, पत्र्यास आंतून जाड प्लेटीचा आधार द्यावा लागतो आणि स्टिअरिंगच्या दांड्यापाशीं जागा पाहावी लागते. जागा कोणतीही असो, सिलिंडरची दांडी दट्ट्यांत सरळ गेली पाहिजे. ती चार-पांच अंशांहून अधिक तिरपी असल्यास दट्ट्या एका बाजूस घासतो व कप लवकर झिजतो.

तळाखालचा सिलिंडर चाकांवरील कॅलिपरांहून खालच्या पातळीवर येत असेल तर आणखी एक तजवीज हवी. पाय काढल्यावर ऑइल उताराकडे परत येतें, पॅड मागें सरतात, आणि पुढच्या वेळीं पेडल अर्ध्यापर्यंत रिकामें जातें. हें टाळण्यासाठीं डिस्कच्या नळींत दर चौरस इंचास २ पौंड दाब राखणारा लहानसा व्हॉल्व्ह बसवितात. ड्रमच्या नळींत कप घट्ट राहावे म्हणून १० पौंडांचा व्हॉल्व्ह असतो. या दोहोंची अदलाबदल कधींही होऊं देऊं नये. ड्रमचा व्हॉल्व्ह डिस्कला लागला तर पॅड सतत घासत राहून तापतात. जुन्या ड्रमच्या सिलिंडरांत असा व्हॉल्व्ह आंतच बसविलेला असूं शकतो, हेंही तपासावें.

ब्रेक लागतांच गाडीचें वजन पुढें झुकतें व मागचीं चाकें हलकीं होतात. रिकाम्या पिकअपचीं तर फारच. तीं आधीं जाम झाल्यास गाडी आडवी फिरते. म्हणून मागच्या नळींत दाब कमी-जास्त करतां येणारा प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह घालावा. तो जुळवितांना रिकाम्या गाडींत पुढचीं चाकें आधीं धरतील असें पाहावें.

घेतांना काय तपासावें ?

दुकानांत दोन सिलिंडर बाहेरून अगदीं सारखे दिसतात, परंतु त्यांच्या दट्ट्यांतील भोंक वेगळें असतें. बूस्टर नसलेल्या गाडीच्या सिलिंडरांत दांडीसाठीं खोल भोंक असतें. बूस्टरच्या सिलिंडरांत तें उथळ असतें. उथळ भोंकाचा सिलिंडर साध्या पेडलास लावला तर पाय झटकन काढतांना दांडी बाहेर निसटूं शकते, आणि पुढच्या वेळीं पाऊल केवळ हवेंत जातें. विकत घेतांना बोट घालून हें भोंक पाहावें. एवढ्या एका क्षणानें मोठें संकट टळतें.

दांडीची लांबी जुळवितांना दांडी व दट्ट्या यांमध्यें सुमारें १/१६ इंच मोकळीक ठेवावी. मोकळीक नसल्यास पाय काढल्यावरही दट्ट्या पुरता मागें येत नाहीं, ऑइल टाकींत परतण्याचें बारीक छिद्र झांकलेलें राहतें, आणि चालतां चालतां ब्रेक आपोआप आंवळत जाऊन तापतात. दुहेरी टाकीचा एक कप्पा मोठा असेल तर तो डिस्ककडे जोडावा. पॅड झिजत जातात तसतसें ऑइल तिकडेच जास्त उतरतें. नळ्या पोलादाच्या किंवा तांबें-निकेलाच्या, टोकें दुहेरी दुमडलेल्या असाव्या. पंपासेटाची साधी तांब्याची नळी येथें वापरूं नये, कारण कंपनानें ती कडक होऊन तडकते.

ब्रेक ऑइल म्हणतात खरें, पण तें खनिज तेल नव्हे. एंजिन ऑइलाचा किंवा ग्रीसचा अंश जरी आंत गेला तरी रबरी कप फुगून निकामी होतात. नेहमींचें ब्रेक ऑइल हवेंतील ओल शोषून घेतें. डॉट ३ प्रतीचें कोरडें ऑइल निदान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाहीं. तेंच ओल धरल्यावर १४० अंशांच्या सुमारास उकळूं शकतें. डॉट ४ साठीं हे आंकडे २३० व १५५ असे आहेत. लांब उतारावर ब्रेक तापले, ऑइल उकळलें, कीं नळींत वाफ होते. वाफ दबते, चाक धरीत नाहीं. आपल्याकडील पावसाळ्यांत ही ओल लवकर धरते; म्हणून उघडा राहिलेला डबा वापरूं नये व दर दोन वर्षांनीं ऑइल बदलावें. उतारावर खालचा गिअर घालून एंजिनाचा अटकाव घ्यावा, हा गाडीवानाचा नियम चांगल्यांत चांगल्या सिलिंडरलाही चुकत नाहीं.

रस्त्यावर नेण्यापूर्वीं

सर्व हवा काढून झाल्यावर पेडल जोरानें दाबून एक मिनिट तसेंच धरावें. तें हळूहळू खालीं बसत असेल तर कोठें तरी गळती आहे किंवा आंतील कप दाब सोडीत आहे. पाय काढल्यावर चारी चाकें हातानें मोकळीं फिरलीं पाहिजेत. नंतर मोकळ्या माळावर रिकामी गाडी चालण्याच्या वेगानें नेऊन थांबवावी, मग वेग वाढवावा, आणि अखेरीस ओझें भरून हीच परीक्षा घ्यावी. हातब्रेक वेगळा व चालू असावा. पेडल, सिलिंडर व नळ्या यांची जोडणी जाणत्या मेकॅनिककडून एकदां तपासून घेतल्यावांचून गाडीवर माणसें बसवूं नयेत.

कायद्याची बाजूही आधीं पाहावी. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम गाडीच्या मूळ रचनेंत फेरफार करण्यावर निर्बंध घालतें. शिवाय २०२१ सालच्या नियमांप्रमाणें पन्नास वर्षांहून जुन्या गाडीची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंद व्हावयाची तर ती मूळ रूपांत असावी लागते, आणि अशी गाडी नित्याच्या किंवा धंद्याच्या वाहतुकीस वापरतां येत नाहीं. म्हणून ट्रक कामास लावावयाचा कीं जतन करावयाचा, हें ठरवून, प्रादेशिक परिवहन कार्यालयांत विचारून मगच पत्र्यास करवत लावावी.

सारांश इतकाच कीं पेडल, सिलिंडर व चाकाचा ब्रेक हे तीन वेगळे जिन्नस नसून एकाच हिशेबाच्या तीन रकमा आहेत. त्यांतील एक बदलली कीं उरलेल्या दोन पुन्हां मोजाव्या लागतात. ज्याच्या घरीं जुना ट्रक आहे त्यानें आज एवढेंच करावें : फूटपट्टी घेऊन पेडलाचीं दोन अंतरें मोजावीं, सिलिंडरवरील व्यासाचा आंकडा पाहावा व वरील कोष्टकाशीं ताडून पाहावा. अर्ध्या तासाचें हें काम आहे, आणि त्यास खर्च कांहीं नाहीं.